मामांनी चमचा धरला की

— नाही नाही, तो स्क्रू नका काढू अजून. आधी चहा घ्या. घ्या हो, साखर कमी वाटली तर सांगा. तो स्क्रू कुठे पळून जात नाही — म्हणजे त्याचे दोन भाऊ पळालेत ते खरंय, एक फ्रिजखाली गेला आणि दुसरा बहुतेक केरात — पण हा आहे तिथेच आहे. आणि जरा हळू बोलू या, आतल्या खोलीत मामा आहेत. मामा म्हणजे माझे सासरे. बॅग भरतायत. येतंय ऐकू? कपाटाचं दार उघडतं, बंद होतं, परत उघडतं. सकाळपासून एक स्वेटर बॅगेत घालतायत नि काढतायत. संध्याकाळी मेहुणा गाडी घेऊन येणार आणि त्यांना त्याच्या घरी घेऊन जाणार, कायमचं — म्हणजे तुम्ही हा सीडी प्लेअर दुरुस्त केलात तर. नाही झाला तर नाही नेणार. तसंच ठरलंय. म्हणून म्हणतो, चहा घ्या निवांत.

मेहुण्यानं तुम्हाला काय सांगितलंय? एवढंच ना, की ‘भावोजींच्या प्लेअरमधून घोंघों आवाज येतो, तेवढा काढून द्या’? वाटलंच मला. अर्धवट सांगायची सवयच आहे त्याला. मागच्या आठवड्यात फोनवर ओरडला माझ्यावर — ‘भावोजी, माझे वडील म्हणजे काय वायर आहेत का?’ आता याला काय उत्तर देणार? मी म्हटलं, ‘वायर नाहीत रे, पण वायरीचं काम करतात.’ खोटं बोललो का मी? ठेवलाच त्यानं फोन. आणि आज तुम्ही आलात. तुमचा काही दोष नाही भाऊ, तुम्ही तुमचं काम करताय. बिस्किट घ्या.

हो, सांगतो ना, पहिल्यापासून सांगतो, म्हणजे तुमचं काम सोपं होईल. मी चपला-बुटांच्या दुकानात असतो. माणूस दारातून आत आला की त्याच्या पायाचं माप सांगतो मी, पट्टी लावायची गरज नाही. तुमचा आठ. डावा किंचित मोठा. बरोबर ना? बघा! ते आपलं काम. इलेक्ट्रॉनिक्समधलं मला ओ की ठो कळत नाही. हा प्लेअर माझ्या लग्नाआधीचा, खांद्याच्या पिशवीत घालून हिंडायचो मी हा, मग पडला ड्रॉवरमध्ये. एका रविवारी मोबाइलवर एका माणसाचा व्हिडिओ लागला. तो म्हणाला, या छोट्या प्लेअरमधली चिप एकदम अस्सल असते, पण कंपनीवाले तिच्यापुढे हेडफोनसाठी एक फालतू सर्किट बसवतात आणि आवाज तिथे मरतो. तर तो आवाज चिपमधून थेट बाहेर काढायचा, मधे दोन चांगले कपॅसिटर घालायचे आणि घरातल्या ॲम्प्लिफायरला जोडून द्यायचा — मोठमोठ्या यंत्रांनी तोंडात बोट घातलं पाहिजे, म्हणाला. आणि शेवटी काय म्हणाला? ‘नवशिक्यालाही सहज जमेल.’ सहज! माझं डोकं फिरलं ते त्या एका शब्दानं.

टेबलावर ते काळं दिसतंय ना, तुमच्या कपाच्या बाजूला? तो माझा सोल्डरिंगचा पहिला डाग. यंत्राला द्यायचा तो टेबलाला दिला. दुसरा टेबलक्लॉथला — ते हिनं फेकून दिलं — आणि तिसरा अंगठ्याला, हा बघा, अजून खरखरीत लागतो. ही म्हणजे माझी बायको, कामावर गेलीय, नाहीतर तिनं तुम्हाला हे सगळं हसून हसून सांगितलं असतं. मग डाग बसायला लागले जागेवर. मोठे बसले जरा. तुम्ही हसताय. हसा, हसा. हे आवाजाचं चाक होतं ना, ते मी काढूनच टाकलं, कारण व्हिडिओवाला म्हणाला आवाज तिथेही मरतो. आणि ॲम्प्लिफायरचा नॉब केव्हाच तुटलाय. त्यामुळे आता आवाज कमी करायचा तर उठून लांब जाऊन बसायचं आणि वाढवायचा तर जवळ सरकायचं. झाकण लागत नाही, म्हणून ते लागलंय असं यंत्राला वाटावं यासाठी त्या खाचेत आगकाडी खुपसलीय — अहो, ती नका काढू! विझलेली काडी आहे ती, मुद्दाम, नवी काडी डोक्याशी जाड असते, बसत नाही. खाली खोडरबर आहेत, धक्के बसू नयेत म्हणून. आणि आत हे हिरवं? ती माती. मुलांची खेळायची असते ना, मऊ, रंगीत, ती. थरथर शोषून घेते म्हणे. हिरवीच का म्हणजे? दुकानात लाल संपली होती.

आता तुम्ही तुमच्या खिशातून सीडी काढताय, पण उपयोग नाही तिचा. दुसरी कुठलीही सीडी हा घेत नाही. त्याचं काय झालं, भिंगावर धूळ होती, ती मी टूथपेस्टनं पुसली. का म्हणजे? दात निघतात की स्वच्छ! तेव्हापासून हा एकच सीडी वाचतो, हीच, ॲम्प्लिफायरबरोबर फुकट मिळालेली. गाणी नाहीत तिच्यात. आवाज तपासायची सीडी आहे ती. म्हणजे — काच फुटते. दार लागतं. कोणीतरी टाळ्या वाजवतं. पाऊस पडतो. एक माणूस शिंकतो, आधी डावीकडे, मग उजवीकडे. मग पावलं. घरातल्या सगळ्या गाण्यांच्या सीड्या मी वाटून टाकल्या, आणि एवढा खटाटोप करून आम्ही काय ऐकतो, तर शिंक. पण काय शिंक हो! तुम्ही ऐकलीत तर खिशातला रुमाल काढाल.

तर पहिल्या दिवशी बटण दाबलं. आणि काय? घोंऽऽऽऽ. सगळ्या आवाजांवर घोंऽऽऽ. काच फुटली तरी घोंऽऽऽच्या आत फुटली. मी वायरी हलवल्या, अडॅप्टर उलटा लावला, यंत्र फ्रिजवर ठेवलं, यंत्र फ्रिजमध्ये ठेवलं. फरक नाही. शेवटी वैतागून खिडकीजवळच्या स्टुलावर ठेवलं, मामांच्या खुर्चीशेजारी, आणि डोक्याला हात लावून बसलो.

आता मामांचं सांगायला पाहिजे. तो मीटर ठेवा खाली जरा. सासूबाई गेल्या आणि मामा आमच्याकडे आले. मेहुण्याचं घर तेव्हा बांधून व्हायचं होतं, म्हणून आमच्याकडे, थोडे दिवस. त्या दिवाणावर झोपतात. आणि आमचा दोघांचा छत्तीसचा आकडा. भांडण म्हणाल तर एकच — पाय. मामा पायात काही घालत नाहीत. घरात तर नाहीच, जिन्यातही नाही, खाली दूध आणायलाही नाही. ज्याचा जावई चपला विकतो त्या माणसानं अनवाणी फिरावं? चारचौघांत मला तोंड दाखवायला जागा राहते का? मी दर सणासुदीला एक जोड आणला, मऊ, कातडी, माझ्या हातानं निवडलेला. दारामागे बघा, रांग लागलीय. एकात पाय घातला असेल तर शपथ. म्हणायचे, ‘पायांना हवा लागू द्या की जरा.’ तेही मला नाही म्हणायचे, हिला म्हणायचे. ‘त्यांना सांग, पायांना हवा लागू दे.’ मी तिथेच बसलेला! मग मी हिला सांगायचो, ‘त्यांना सांग, खिळा लागेल.’ ही दोघांच्या मधे बसून भाजी निवडायची आणि दोन्ही निरोप पोचवायची. एक दिवस म्हणाली, मी आता पगार घेणार याचा.

आणि नखं! टेलिफोन खात्यात होते मामा. काय करायचे तिथे कोण जाणे, मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांच्याकडे एक चामड्याची थैली आहे, तिच्यात एक कटर, तार कापायचा, खात्यातला. त्यानं हा माणूस पायाची नखं कापतो. इथे, या खुर्चीत बसून. कट्ट. कट्ट. एकेका फटक्यात, सरळ, दुसरा घाव नाही. मी दिवसभर लोकांचे पाय हातात घेतो भाऊ, मला ते बघवायचं नाही. नख उडून थेट माझ्या ॲम्प्लिफायरवर यायचं.

तर मी डोक्याला हात लावून बसलोय, घोंऽऽऽ चाललंय, आणि मामा खुर्चीत. त्यांना ते सहन होईना. ‘त्यांना सांग, बंद करा ते’ — पण ही घरात नव्हती. कोणाला सांगणार? मग स्वतःच वाकले, बटण कुठलं ते सापडेना, म्हणून त्या बाहेर लोंबणाऱ्या वायरीला हात लावला, आणि — काहीच नाही. घोंऽऽऽ गेलं. एकदम. टाळ्यांचा आवाज चालू होता, इतका स्वच्छ की मामा दचकले, त्यांना वाटलं लोक आलेत घरात. हात काढला — घोंऽऽऽ. हात लावला — टाळ्या. मी ओरडलो, ‘सोडू नका!’ लग्नानंतर मी त्यांना थेट बोललेलं हे पहिलं वाक्य असेल. आणि ते म्हणाले, ‘नाही सोडत.’ मलाच म्हणाले हं, हिला नाही.

नाही हो, करंटबिरंट काही लागत नाही, मुंगी चालल्यासारखं वाटतं म्हणतात, तेही पहिल्या मिनिटाला. मग आम्ही सगळ्यांवर प्रयोग केला. मी हात लावला — घोंऽऽऽ जास्तच. हिनं लावला — तेवढंच. इस्त्रीवाल्याला आत बोलावलं, सिलिंडरवाल्याला बोलावलं, खालच्या मजल्यावरच्या बाई आमटीच्या हातानं आल्या, वायर बुळबुळीत झाली, फरक शून्य. फक्त मामा. मामा बसले, वायर धरली, की कसं देवघरात बसल्यासारखं शांत. आता नुसती वायर धरून बोटं दुखायची त्यांची, म्हणून मी तिला हा चमचा बांधला. स्टीलचा आहे. तुम्हाला मघापासून विचारायचं होतं ना, हा चमचा कसला? हा तो. रोज संध्याकाळी दुकानातून आलो, हातपाय धुतले, की मामा खुर्चीत बसतात, चमचा उजव्या हातात असा सरळ धरतात आणि म्हणतात, ‘हं, लावा.’

मला वाटलं, त्यांच्या अंगातच काहीतरी आहे. रक्तात असेल. डॉक्टरांनी त्यांचं मीठ कमी करायला सांगितलेलं, मी हिला म्हटलं, नको करूस, मिठामुळेच होत असेल तर? त्यावरून घरात जे काही झालं ते तुम्हाला नाही सांगत. मग वाटलं, केसांमुळे असेल, म्हणून त्यांना केस कापायला जाऊ देईना. किती वाढले केस! मेहुणा भेटायला आला तेव्हा त्यानं काय पाहिलं? त्याचे वडील, खांद्यापर्यंत केस, अनवाणी, हातात चमचा, डोळे मिटलेले, आणि समोर मी, हातात घड्याळ घेऊन शिंकेची वाट बघतोय. त्याचा चेहरा — नाही, त्याच्या जागी मी असतो तर मीही गाडी घेऊन आलो असतो.

थांबा, आत बघतो. — स्वेटरच. परत बाहेर काढला.

ते हसण्यावारी गेलं, पण एक सांगतो. त्या सीडीत शेवटी पावलं आहेत. एक बाई डावीकडून उजवीकडे चालत जाते. बाकी काही नाही, नुसतं चालणं. पहिल्यांदा स्वच्छ ऐकलं तेव्हा मी आपला माझ्या नादात म्हणालो, कातडी सोल, बुटकी टाच, आणि डावी टाच झिजलीय, कारण डावं पाऊल जड पडतंय. धंद्याची खोड. मामा तसेच चमचा धरून बसले. मग म्हणाले, ‘पुन्हा लावा.’ लावलं. म्हणाले, ‘तुमच्या सासूबाईंचं असंच पडायचं. डावं जड. मी खुर्चीत बसलेलो असायचो आणि ती मागून जायची स्वयंपाकघरात. मी वळून बघायचो नाही. कशाला बघायचं? ती जात्येय ते कळायचं.’ आणि मग म्हणाले, ‘बघायला हवं होतं.’ मी पुन्हा लावलं. तेव्हापासून रोज शेवटी पावलं. ती लागली की आम्ही दोघं तोंडातून शब्द काढत नाही. आणि ती संपली की बोलतो. इतकं बोलतो भाऊ! सासूबाई कशा रागवायच्या, कशा हसायच्या, एका लग्नात चप्पल चोरीला गेली तर एका पायात त्यांची नि एका पायात मामांची घालून कशा घरी आल्या. मामा पायात का घालत नाहीत तेही कळलं. त्या गेल्या त्या दिवशी घाईत हॉस्पिटलात अनवाणीच गेले होते, आणि परत आल्यावर घालावंसंच वाटलं नाही. आणि मी या माणसाला सणासुदीला जोड आणत होतो! मला माझीच लाज वाटली. हे मी कोणाला बोललो नाहीये, हिलासुद्धा नाही, तुम्हाला का सांगतोय कोण जाणे. चहा गार झाला तुमचा.

तर मेहुण्याचं घर बांधून झालंय आता. चांगलं घर आहे, नाही म्हणायला जागा नाही. लिफ्ट आहे, मामांना वेगळी खोली, खोलीला लागून बाथरूम. इथे काय आहे? दिवाण. आणि मी. मेहुण्यानं विचारलं, ‘बाबा, येताय ना?’ मामा म्हणाले, ‘यांचं अडेल.’ बस्स, एवढंच म्हणाले, ‘यांचं अडेल.’ म्हणजे माझं. मेहुणा म्हणाला, ‘मी मेकॅनिक पाठवतो, यंत्र नीट करून देतो, मग याल?’ मामा म्हणाले, ‘नीट झालं तर येईन की.’ आता यात काय समजायचं सांगा. यायचंय म्हणून म्हणाले, की यायचं नाही म्हणून? मी रात्रंदिवस तेच कोडं सोडवतोय. हिला विचारलं तर म्हणते, तुम्हीच विचारा ना त्यांना. अहो, असं कसं विचारणार? ‘मामा, राहता का?’ जावयानं सासऱ्याला? त्यांना वेगळी खोली मिळत असताना? आणि ते तर बॅग भरतायत. ज्याला जायचं नाही तो बॅग भरेल का?

हो, कळतंय मला, तुम्ही त्या नळाच्या पाइपाकडे बघताय. मघाशीच बघितलंत, माझ्या लक्षात आलं. खिडकीखालून जातो तो, आणि मामा खुर्चीत बसले की उघडे पाय त्याच्यावर ठेवतात, गार लागतो म्हणून. बरोबर. रक्त नाही, मीठ नाही, केस नाहीत. पाय. त्या खुर्चीत दुसरं कोणी बसतच नाही ना, मामांच्या खुर्चीत बसायची कोणाची टाप आहे? आणि मी घरातसुद्धा रबरी चप्पल घालतो. एके दिवशी मामा झोपले होते, मी चप्पल काढली, पाय ठेवला पाइपावर, धरला चमचा. शांत! म्हणजे हे मलाही जमतं. कोणालाही जमेल. मांजर बसवलं तरी जमेल. मग तुम्ही विचाराल की सासऱ्यांची काय गरज? नका विचारू. मी चप्पल घातली आणि कोणाला बोललो नाही.

काय म्हणता? पाइपाचीही गरज नाही? माणसाचीही? ती एक वायर — हो.

हो हो, माहितीय मला. ओरडू नका. म्हणजे तुम्ही ओरडत नाही आहात, मीच ओरडतोय. ती बारीक काळी वायर, बाहेरच्या सॉकेटपासून आतल्या बोर्डापर्यंत जाते ती. पहिल्या दिवशी मला वाटलं, जादा आहे. आवाज लाल आणि पांढऱ्यातून येतो, काळीचं काय काम? कापून टाकली. व्हिडिओवाल्यानं सांगितलं नव्हतं की ती ठेवायची. त्याला काय वाटलं असेल, इतकं गाढव कोण असेल! मग कळलं. वाचून कळलं. मामा शेवटी केस कापायला गेले होते — मीच म्हटलं, जा आता, केसांचा संबंध नाही — तेवढ्यात मी ती जोडली. छोटा डाग बसला, माझा सगळ्यात चांगला डाग. बटण दाबलं. घोंऽऽऽ नाही. चमचा तिथे टेबलावर पडलेला, खुर्ची रिकामी, आणि ती बाई चालत गेली, डावीकडून उजवीकडे, अगदी स्वच्छ, या इथून तिथपर्यंत. इतकी वर्षं मी ज्यासाठी — म्हणजे वर्षं नाही, पण मरमर केली ना — ते झालं होतं. आणि मला कसं भकास वाटायला लागलं सांगू. तेवढ्यात जिन्यात मामांचे पाय वाजले. अनवाणी पाय, पटापटा. आत आले, केस कापलेले, मान पांढरी दिसत होती मागून. खुर्चीत बसले, पाय पाइपावर टाकले आणि हात पुढे केला. चमच्यासाठी. मी म्हटलं, ‘मामा, जरा हातपाय धुऊन या, केस लागलेत सगळीकडे.’ ते आत गेले. मी सुरी घेतली, भाजीची, आणि परत कापली ती वायर. त्याच जागी.

आता सांगितलं सगळं. आता तुम्ही काय करायचं ते करा. तुमच्या धंद्याचा प्रश्न आहे, मी काही तुम्हाला खोटं बोला म्हणत नाही. म्हणजे — म्हणतोच आहे, पण हात जोडून म्हणतोय. ‘पार्ट मिळत नाही’ एवढं सांगितलंत तर? तुम्ही लोक सांगताच ना एरवी, मिळत असला तरी? नाही? बरं. बरोबर आहे. त्यांना जायचं असेल आणि माझ्यामुळे अडकले असतील तर ते तरी बरं का? या वयात दिवाणावर. माझ्या हौसेपायी. करा, करा नीट. स्क्रू काढा. माती बाजूला करा. हिरवी माती खाली पडली तर पडू दे. सॉकेटजवळ आहे बघा, कापलेली जागा. दिसली? ती माझी. जोडा.

दुसरी कुठली?

नाही, एकच. मी एकदाच — म्हणजे दोनदा, पण एकाच जागी. दाखवा. चष्मा आणतो, थांबा. — कुठे? मातीखाली? बोर्डापाशी? तिथे मी हातच घातला नव्हता हो. माती तर आहे तशीच होती की, दाबून बसवलेली, उलट माझ्यापेक्षा नीट बसवलीय, अंगठ्यानं. बघू. माझं कापणं हे बघा, हे इकडचं, उंदरानं कुरतडल्यासारखं. आणि हे... हे सरळ आहे. एका फटक्यात. दुसरा घाव नाही.

टेलिफोन खात्यात काय करायचे म्हणालो मी मघाशी? कोण जाणे म्हणालो ना.

कधीपासून असेल हे? नवीन दिसतंय? तांबं अजून चमकतंय? म्हणजे मेहुण्याच्या फोननंतरचं. मेकॅनिक येणार म्हटल्यावर. म्हणजे मी इकडची जोडली असती तरी... म्हणजे त्यांना — पहिल्यापासून? वायरीत जन्म काढलेला माणूस तो. आणि चमचा हातात घेऊन रोज माझ्यासमोर —

ठेवा ते. ठेवा खाली! सोल्डरिंग बंद करा, प्लग काढा. झाकण लावा. माती भरा परत, होती तशी, दाबा अंगठ्यानं. आगकाडी, आगकाडी विसरू नका. काय सांगाल मेहुण्याला? तुम्हाला काय सुचेल ते सांगा. खोटंसुद्धा नाही, सांगा की या घरातल्या वायरींचं काही खरं नाही, एक जोडली की दुसरी तुटते. हॉर्न वाजला का खाली? तोच तो. वाजू दे. लिफ्ट नाही आमच्याकडे, तीन जिने चढायचेत त्याला, भेटलाच जिन्यात तर तिथेच सांगून टाका.

— मामा? या ना, या. नाही, मेकॅनिक निघालेच. काय म्हणतात? अं... अवघड आहे म्हणतात. नाही होण्यासारखं. तुमच्याशिवाय माझं अडतंच, मामा. बॅग? बॅग राहू दे आत, मग बघू, मी काढतो ना कपडे कपाटात. बसा तुम्ही. पाय टाका. हा घ्या चमचा.

भाऊ, या तुम्ही आता. चहा राहिलाच तुमचा, पुढच्या वेळी. दार ओढून घ्या जाताना, आणि हळू. पावलं लागली की आम्ही बोलत नाही.